घरातल्या घरात चालताना

ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके सुकले, एक्स-रे चांगला आला, की सगळ्यांना वाटतं, झालं, आता चालायला लागा म्हणजे सुटलो. मलाही तसंच वाटत होतं. पण असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर असतो तो दवाखान्याचा लांबलचक मोकळा पॅसेज, दोन्ही बाजूंना धरायला कठडे असलेला. घरात तसं चालायला जागा असते कुठे? घरात माणूस चार पावलं टाकतो की वळतो, दार ओढून घेतो, खाली पडलेलं उचलतो, कुणाला वाट द्यायला आडवा सरकतो, मागे येतो आणि बसतो. सरळ चालणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खुब्याच्या ऑपरेशननंतरचे माझे महिने गेले ते या बाकीच्या कामांत.

मी पडले तीही चालताना नव्हेच. कपाटासमोर उभी होते, दोन्ही हातांत घड्या केलेल्या चादरी, आणि मागे वळले. अंग वळलं, पाऊल वळलं नाही. फिजिओने नंतर समजावलं की चालता चालता ठेच लागली तर माणूस बहुधा पुढे पडतो, हात टेकतो, फार तर मनगट मोडतं. वळताना तोल गेला की तो बाजूवर कोसळतो आणि सगळा मार थेट खुब्यावर बसतो. त्यात माझी हाडं ठिसूळ झालेली. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. डॉक्टरांनी वरचा गोळा काढून धातूचा बसवला, तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी माझीच ठेवली. अर्धा सांधा बदलला, असं म्हणतात त्याला.

दवाखान्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसऱ्याच दिवशी उभं केलं. मला ते अघोरी वाटलं, पण पडून राहण्याचे धोके त्याहून मोठे: पोटरीत रक्ताची गाठ होते, छातीत कफ साठतो, आणि म्हातारपणी स्नायू इतक्या झपाट्याने झडतात की आठवडाभराच्या अंथरुणाची भरपाई करायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात. पडल्या पडल्या पावलं वर-खाली करत राहायची, मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबायचा, हे व्यायाम तेव्हापासूनचे. शिवाय तीन गोष्टींना मनाई होती. मांडी आणि पोट यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि ऑपरेशनचा पाय आतल्या बाजूला वळवायचा नाही. माझा सांधा मागच्या बाजूने उघडून बसवला होता, म्हणून ही पथ्यं. पुढच्या बाजूने केलेल्यांची पथ्यं वेगळी असतात, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं ऐकून काही करू नका, हे मला स्पष्ट बजावलं होतं. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं: वॉकरने स्वतंत्र चालतात.

त्या स्वतंत्र चालण्याची गंमत पहिल्याच संध्याकाळी कळली. वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जाईना. मुलगा म्हणाला, "आई, तिरका करून बघ." तिरका केला तर माझे पाय त्याच्या बाहेर. शेवटी सून पुढे, मुलगा मागे आणि मी मध्ये, असं आम्ही तिघं एकमेकांच्या पायांत पाय घालत आत पोचलो. दवाखान्यातून माणूस घरी यायच्या आधी कुणीतरी टेप घेऊन दारांची मापं काढायला हवीत. कुणी काढत नाही. मग दाराशी थांबून, आतल्या भिंतीचा कठडा धरून, वॉकर बाहेरच ठेवून आडव्या पावलांनी आत जायचं ही युक्ती शिकावी लागली. त्यासाठी भिंतीत पक्के स्क्रू मारलेलं हँडल लागतं. टॉवेलची दांडी चालत नाही. ती टॉवेलचं वजन पेलण्यासाठी असते, आणि घसरणारं माणूस तिला लटकलं की भिंतीतून निघून हातात येते.

फिजिओ घरी यायला लागली ती त्यानंतर. माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची मुलगी. मला वाटलं होतं, आल्या आल्या गादीवर आडवं करून पाय वर, पाय खाली सुरू करेल. तिने तसं काही केलं नाही. म्हणाली, "काकू, सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते मला नुसतं करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही." मग मी पलंगावरून उठून दाखवलं, खिडकीपर्यंत गेले, पडदा सारला, फोन घेतला, न्हाणीघराकडे गेले, परत येऊन खुर्चीत बसले. ती बाजूने, जरा मागे राहून चालत होती आणि वहीत काहीबाही टिपत होती. नंतर वही वाचून दाखवली तेव्हा मी थक्क झाले. चालण्याबद्दल त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. पडदा सारताना वॉकर सोडून उजवा हात ताणला. फोन घेताना ज्या खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला तिला खाली चाकं आहेत. बसताना खुर्ची मागे आहे का हे न बघता अंग टाकलं. चपला मागून उघड्या. पलंगाजवळ चार्जरची वायर. पायपुसण्याची कड दुमडलेली.

"तुमचा पाय ठीक आहे," ती म्हणाली, "बाकी सगळ्याचं बघायला लागेल."

तो सगळा दिवस सामान हलवण्यात गेला. पायपुसणी उचलली, वायर भिंतीला चिकटवली, चाकांची खुर्ची मुलाच्या खोलीत गेली. माझ्यासाठी हात असलेली, कडक बैठकीची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर एक घट्ट उशी घालून बैठक उंच केली. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खाली राहायला हवेत, हे माप. पलंगाच्या पायांखाली ठोकळे आले, कमोडवर उंच सीट आली. सोफ्यावर मला बंदी. सोफा म्हणजे बसायला सुखाचा आणि उठायला वैरी: माणूस आत रुततो, गुडघे वर येतात आणि तो 90 अंशांचा नियम तिथल्या तिथे मोडतो. मागून पट्टा असलेले, न घसरणाऱ्या तळाचे बूट घरातही घालायचे, हेही तेव्हाच ठरलं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणं तर सोडूनच द्या.

वॉकरची उंची दवाखान्यात कुणीतरी अंदाजाने लावली होती. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, आणि मनगटाच्या घडीशी वॉकरची मूठ यायला हवी. मग धरल्यावर कोपर किंचित वाकतं आणि जोर लावता येतो. माझा वॉकर दोन छिद्रं उंच होता, म्हणून खांदे कानांशी आले होते आणि मान दुखत होती. मी ते वयाच्या खात्यावर टाकलं होतं. चालण्याचा क्रम असा: आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकर फार पुढे ढकलायचा नाही, आणि आपण त्याच्या पुढच्या दांडीला जाऊन भिडायचंही नाही.

वॉकरची खरी अडचण म्हणजे दोन्ही हात अडकतात. पाणी हवं, हात नाही. चष्मा पलीकडच्या खोलीत, आणणार कसा? जो तो "आई, सांग ना, मी देते" म्हणतो आणि दोन दिवसांत आपण खुर्चीतून हुकूम सोडणारी बाई होऊन बसतो. फिजिओने वॉकरच्या पुढच्या दांडीला एक हलकी कापडी पिशवी बांधायला लावली. त्यात झाकणाची बाटली, चष्मा, फोन. जड काही नाही, नाहीतर वॉकर पुढे कलंडतो. ही पिशवी शिवली सुनेने, जुन्या पडद्याची, आणि त्या पिशवीने मला जेवढं उठवलं तेवढं कुठल्याही उपदेशाने उठवलं नसतं.

खुर्चीतून उठणं हा स्वतंत्र अध्याय. वॉकर धरून स्वतःला ओढत उठू नये, तो उलटा अंगावर येतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, बुडाने पुढे सरकायचं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवायचा, चांगल्या पायावर आणि हातांवर जोर देऊन उठायचं, आणि उभं राहिल्यावरच हात वॉकरवर. बसताना उलट. खुर्चीची कड दोन्ही पायांना मागून लागली पाहिजे, मग हात मागे नेऊन खुर्चीचे हात पकडायचे, मग हळू बसायचं. धपकन नाही. धपकन बसणाऱ्या माणसाच्या मांड्यांत ताकद नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं ती म्हणायची. पुढे डॉक्टरांनी पथ्यं उठवल्यावर हेच उठणं पुन्हा नव्याने शिकवलं, आता पावलं मागे, अंग पुढे, नाक पायांच्या बोटांच्या वर येईपर्यंत झुका आणि मग उठा. इतके दिवस वाकू नका म्हणून घोकून घेतल्यावर वाका म्हणणं हे मला जरा जाचक वाटलं. पण शरीराचा भार पावलांवर आल्याशिवाय हात न लावता उठता येतच नाही, हे करून बघितल्यावर पटतं.

आणि वळणं. त्यावर तिने जितका वेळ घालवला तितका कशावरच नाही. मी वळताना काय करते ते तिने मोबाइलवर चित्रण करून दाखवलं: वॉकर उचलून नव्या दिशेला ठेवते, खांदे तिकडे फिरतात आणि पावलं जुन्याच दिशेला रोवलेली. मधल्या क्षणी सगळं अंग पिळलेलं. ऑपरेशनचा पाय रोवून त्याच बाजूला वरचं अंग फिरवलं तर सांध्यात नेमकी आतली पीळ बसते, जी मला वर्ज्य होती. तिने खडूने फरशीवर एक मोठं घड्याळ काढलं, मला मधोमध उभं केलं आणि बारावरून तीनवर यायला सांगितलं. एका झटक्यात नव्हे, एकेका आकड्यावर थांबत. वॉकर थोडा, पाऊल थोडं, दुसरं पाऊल त्याच्याशेजारी. पावलं उचलून टाकायची, घासायची नाहीत. आधी डावीकडून, मग उजवीकडून. ऑपरेशनच्या बाजूला वळताना माझी पावलं आपोआप जास्त आणि लहान व्हायची, ती मोजायची ती. खडू पुसला गेला तरी डोक्यात ते घड्याळ राहिलं. न्हाणीघरात, पलंगाच्या कडेला, ओट्यासमोर, मी अजूनही मनातल्या मनात आकडे मोजत वळते.

व्यायाम होतेच. त्यांत वाचायला मजा नाही आणि करायलाही नव्हती. ओट्याची कड धरून उभं राहायचं: टाचा उचला, पाय मागे न्या, जागच्या जागी गुडघा उचला (पथ्याच्या मर्यादेत), आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाय बाजूला न्या. कंबर न झुकवता. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दुबळा झालेला असतो. एका पायावर उभं राहतो तेव्हा कंबर समपातळीत धरून ठेवणं हे त्याचं काम. तो थकला की दर पावलाला उलट बाजूची कंबर खाली जाते आणि माणूस बदकासारखा डुलत चालतो. पाहणाऱ्याला वाटतं, दुखत असेल. दुखत नसतं, धरवत नसतं. वेदना आणि अशक्तपणा वेगळे, हे मला इथे उमगलं. वेदनेसाठी विश्रांती ठीक, अशक्तपणावर विश्रांती म्हणजे आगीत तेल.

मग किती दुखलं तर चालेल? तिचा हिशेब सोपा होता. व्यायामानंतर स्नायू ठणकला आणि रात्रीतून उतरला तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं जास्तच असेल किंवा सूज वाढली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, थोडं कमी करायचं, बंद करायचं नाही. पोटरी एकाएकी दुखून गरम झाली, सुजली, किंवा धाप लागली, तर व्यायामाचा विचार सोडून तडक डॉक्टरकडे. आणि एखादा व्यायाम सहज जमायला लागला की तो तसाच करत राहण्यात अर्थ नाही. घोट्याला वजन बांधायचं, आधाराचे हात कमी करायचे: आधी दोन हात, मग एक, मग नुसतं एक बोट. पुष्कळ लोक आयुष्यभर तेच दहा हलके व्यायाम करत राहतात आणि फिजिओथेरपीने काही होत नाही म्हणतात. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांत असे बरेच निघाले.

घरच्यांचं शिक्षण हाही एक भाग, आणि तो माझ्यापेक्षा अवघड गेला. हे मला उठवताना काखेत हात घालून वर ओढायचे. प्रेमाने. पण त्यात माझा खांदा दुखावणार, त्यांची कंबर जाणार आणि माझे पाय काहीच शिकणार नाहीत. फिजिओने त्यांना माझ्या ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं केलं, माझ्या कमरेला रुंद पट्टा बांधला आणि एक हात त्या पट्ट्यावर ठेवायला सांगितला. "काका, धरायचं नाही, फक्त तयार राहायचं." हे "तयार राहणं" त्यांना जमायला खूप वेळ लागला. सून मात्र पहिल्यापासून शहाणी; मी अडखळले तरी ती आधी बघायची, मग हात द्यायची.

रात्रीचं वेगळंच. दिवसा नीट चालणारी मी रात्री पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. फिजिओने आडवी असताना रक्तदाब मोजला आणि उभी राहिल्यावर पुन्हा मोजला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर ते नोंद घेण्यासारखं असतं. माझा त्याहून जास्त उतरत होता. तिने ते लिहून डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांत बदल केला. पाय सुधारायला आलेल्या मुलीने गोळ्या बदलायला लावल्या, याचं घरात नवल झालं. पण झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, यांनी माणसं पडतात, आणि ते कुणी विचारत नाही. तेव्हापासून रात्री उठायचं ते असं: आधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली, थोडं थांबणं, मग उभं राहणं, पुन्हा थांबणं, मग पहिलं पाऊल. वाटेवर जमिनीलगत मंद दिवे लावले. अंधारात डोळ्यांची मदत जाते, आणि तोल सांभाळायला आपल्याजवळ डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि तळपायांची जाणीव अशी तीनच साधनं असतात. वयानुसार तिन्ही थोडी थोडी मंदावतात, तेव्हा एक गेलं की उरलेल्या दोघांवर भार पडतो.

भीतीबद्दल लिहायचं टाळत होते. ती पायात नव्हती आणि तिच्यावर व्यायाम सापडत नव्हता. वॉकर असूनही मी हॉलच्या मधून जायची नाही, भिंतीच्या कडेकडेने जायची. कुणी मागून बोललं की गोठायची. फिजिओला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, भीतीने माणूस कमी चालतो, कमी चालल्याने पाय आणखी दुबळे होतात, आणि मग भीती खरी ठरते. तिने उपाय काढला तो विचित्र वाटला: मला चालताना बोलायला लावलं. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की बोलायची वेळ आली की ज्या वृद्धांचं चालणं थांबतं, त्यांचं पुढच्या काळात पडण्याचं प्रमाण जास्त असतं. चालण्यालाच सगळं लक्ष लागत असेल तर दुसऱ्या कामाला काही उरत नाही. आणि घरात तर सारखं दुसरं काम असतंच: दाराची घंटा, फोन, कुणाची हाक. म्हणून ती मला चालवत चालवत शंभरातून तीन-तीन वजा करायला लावायची. सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्याण्णव... तिथे मी थांबायची. पाय थांबायचे किंवा आकडे, दोन्ही एकदम चालायचे नाहीत. मग सोपं केलं, घरातल्या भाज्यांची नावं. मग पुन्हा आकडे. हळूहळू दोन्ही बरोबर चालायला लागलं, आणि भिंत सोडून मी हॉलच्या मधून कधी जायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. हे दाराची घंटा वाजवून बघायचे, मुद्दाम. मला राग यायचा, पण तोही व्यायामच होता.

वॉकर सुटून काठी आली तेव्हा मी ती स्वाभाविकपणे ऑपरेशनच्या बाजूच्या हातात धरली. जवळजवळ सगळे तसंच धरतात. ती उलट्या हातात धरायची. दुबळ्या पायावर भार येतो तेव्हा तो बाहेरचा स्नायू कंबर उचलून धरण्यासाठी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कैक पट दाब टाकतो. काठी सांध्यापासून लांब, पलीकडच्या हातात असेल तर हाताने दिलेला थोडासा जोरही त्या स्नायूचं पुष्कळ काम वाचवतो. शिवाय चालताना उलट पाय आणि उलट हात बरोबरच पुढे जातात. काठी आणि ऑपरेशनचा पाय एकदम, मग चांगला पाय. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की बदलायचं, हे सगळेच विसरतात.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तर्क असा की वरच्या पायरीवर असलेला पायच शरीर उचलतो किंवा हळू खाली सोडतो, म्हणून तिथे नेहमी चांगला पाय हवा. काठी ऑपरेशनच्या पायाबरोबर जाते. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. चढणं दमवतं आणि उतरणं घाबरवतं. दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा घालून उतरू नका हे ती सांगायची. खालच्या भागातून पाहिलं की पायऱ्या धूसर होतात. मी जिन्यासाठी जुना दूरचा चष्मा वेगळा ठेवला.

प्रगती मोजायची तिची एक चाचणी होती: खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या वेगाने 3 मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं मानतात. पहिल्यांदा मला इतका वेळ लागला की तिने घड्याळ मला दाखवलंच नाही. चालायला नाही, वळायला आणि बसायलाच. पुढे आकडा उतरत गेला तो तिथेच उतरला. दुसरी चाचणी उभं राहण्याची: आधी पावलं जोडून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, शेवटी एका पायावर, प्रत्येकी 10 सेकंद. टाचेला बोटं लावून उभं राहणं माझं फार दिवस अडलं होतं. दात घासताना ओट्याशी उभी राहून त्याचा सराव करायची.

सगळ्यात शेवटी तिने मला जमिनीवर घेतलं. पथ्यं संपली होती, डॉक्टरांची परवानगी होती. "काकू, आता पडलात तर उठायचं कसं ते शिकायचं." मला ते अशुभ वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती सतरंजी घालायला लागली. क्रम असा: घाई करायची नाही, आधी कुठे लागलंय ते बघायचं. लागलं नसेल तर चांगल्या कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हातावर जोर देऊन उठायचं, मग हात आणि गुडघ्यांवर यायचं, आणि रांगत जवळच्या पक्क्या खुर्चीपर्यंत जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. उठता आलंच नाही तर जागच्या जागी अंग हलवत राहायचं, पांघरायला मिळेल ते ओढून घ्यायचं आणि फोन करायचा. म्हणून फोन नेहमी अंगावर, टेबलावर नव्हे. तासन्‌तास जमिनीवर पडून राहण्याने होणारं नुकसान कधी कधी मारापेक्षा मोठं असतं. पहिल्या खेपेला मी गुडघ्यांवर आले आणि तिथेच अडकले, हसू आवरेना. पण एकदा स्वतःच्या बळावर खुर्चीत येऊन बसल्यावर इतक्या महिन्यांची ती भीती निम्मी झाली. हे आधी का नाही केलं असं मी तिला विचारलं. "आधी केलं असतं तर तुम्ही मला परत घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. खरं होतं.

तिच्या शेवटच्या भेटीत माझ्या चाचण्या झाल्या. खुर्चीची बारा सेकंदांच्या आत, पण फार आत नाही. एका पायावर उभं राहणं चांगल्या पायावर दहाच्या पुढे, ऑपरेशनच्या पायावर अजून कमी. बाहेर गर्दीत काठी घ्यायची, घरात नको. आठवड्यातून बहुतेक दिवस व्यायाम, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. जाता जाता तिने यांना सहज म्हटलं, "काका, तुम्ही करून बघता का?" हे हसत हसत एका पायावर उभे राहिले आणि पाचाच्या आत ओटा धरला. मग दुसऱ्या पायावर. तिथेही तेच. तिने पिशवी खाली ठेवली, वहीतला कागद फाडला आणि त्यांच्या नावाने व्यायाम लिहून दिले. आता सकाळी आम्ही दोघं ओट्याशी उभे असतो. नुसतं बोट टेकवलंय असं ते सांगतात आणि अख्ख्या मुठीने कड धरतात, आणि मी ते दाखवून दिलं की म्हणतात, तू आधी तुझे आकडे मोज.